अडीच आवर्तनांचा पाढा

१० नोव्हें., सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी ऑफिसात बोलावणं. मोठ्या बाई (यापुढे मो.बा., नाव लिहायची आज इच्छा नाही) म्हणाल्या, "सर, डिसेंबरपासून तिसरीचा बुधवार-शनिवारचा संगीताचा तास स्पोकन इंग्लिशला द्यायचा विचार आहे."
कारण विचारलं. "तुम्ही संगीतात पाढे घेता, तेही मराठीत. आपल्याकडे गणित इंग्रजीत आहे. मुलांचा गोंधळ होतो."
म्हटलं, मुलांचा नाही होत. पालकांचा होतो.
तक्रार कोणाची? गणिताच्या देवरे मिसची. जूनमध्ये लागलेली, सटाण्याकडची. (आमच्या शाळेत मराठी विषयाच्या त्या 'बाई', इंग्रजीतल्या त्या 'मिस'. मी 'तबला सर'. दोन्हीकडचा.)
तास सोडणार नाही. लिहून ठेवतो म्हणजे उद्या निश्चय पातळ व्हायला नको.

११ नोव्हें.
काल रागात होतो. आज शांतपणे लिहितो, मी काय करतो ते.
तीनताल, सोळा मात्रा. 'आठ एके आठ' ही चार मात्रांची ओळ. चार ओळींत एक आवर्तन. दहा ओळी म्हणजे अडीच आवर्तनं, म्हणून पाढा संपतो तो खालीच्या, म्हणजे नवव्या मात्रेच्या, तोंडाशी. तसाच लोंबकळत सोडत नाही. 'आठ नवे' आणि 'आठ दाही' पुन्हा घेतो, आवर्तन भरतं आणि सगळा वर्ग समेवर, पुढच्या पहिल्या मात्रेवर, टाळी देतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही. मखमलाबादच्या भजनात तबलजीच्या डाव्या बाजूला बसून कान उघडे ठेवले, बाकीचं घरी. विशारदचा कागद नाही. शाळेत कोणी शिक्षण विचारलं तर सांगतो, चालू आहे.
यात गोंधळ कुठे आहे, दाखवा.

१२ नोव्हें., बुधवार
दाखवला.
देवरे मिस न विचारता येऊन शेवटच्या बाकावर बसली. मी मुद्दाम आठचाच घेतला. झकास झाला, टाळी एक पडली. मग ती उठली. "सर, मी एक विचारू?" आणि ईश्वरीला, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात खड्या आवाजाच्या पोरीला, "आठ साती?"
ईश्वरीने डोळे मिटले. बोटं बाकावर. ओठ हलायला लागले... आठ एके, आठ दुणे, आठ त्रिक... पार तिथून चालत आली तेव्हा कुठे छप्पन्न.
आणखी तिघांना विचारलं. तिघंही पहिल्या ओळीपासून.
पोरांसमोर ती काही बोलली नाही, एवढं तिच्या बाजूने लिहायला हवं. व्हरांड्यात म्हणाली, "सर, यांना पाढा येत नाही. गाणं येतं."
"गाणं येतं हे कमी आहे?"
उत्तर फुसकं होतं. तोंडातून निघतानाच कळलं.

रात्री सौ.ला सांगितलं.
"तिचं बरोबर आहे की चूक, तेवढं सांगा."
"अगं, परवा लागलेली पोरगी ती..."
"तिचं वय नाही विचारलं मी."

१४ नोव्हें.
स्वतःवर प्रयोग. आठ साती, छप्पन्न, लगेच. बारा साती, चौऱ्याऐंशी, लगेच. एकोणीस साती... ओठ हलले. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. भर मखमलाबाद नाक्यावर, स्कूटर बाजूला घेऊन. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "काका, बरं वाटतंय ना?"
म्हणजे मिसचं बरोबर. पण तेवढंच. गाऊ नका, यात ती चूकच.
दुपारी तिचा तास खिडकीतून पाहिला. चिंचोक्यांचे ढीग, 'सेव्हन ग्रुप्स ऑफ एट'. काम चोख आहे, आठ-आठचे सात ढीग म्हणजे काय ते पोरांना दिसतं. पण मोजताना ईश्वरी पुटपुटत होती मराठीत आणि हात वर करून सांगितलं इंग्रजीत. तिचा काही गोंधळ होत नव्हता. ती आपली इकडून तिकडे जाऊन आली, दोन खोल्यांच्या घरात जातात तशी.
खटकलं ते वेगळंच. तबला शिकणारं पोर मी सातव्या मात्रेवर थांबवतो आणि विचारतो, कुठे आहेस? सांगता आलं नाही तर त्याला ताल येतो असं मी म्हणत नाही. मग पाढ्याला ही सूट का दिली मी? पाढाही कुठूनही उचलता आला पाहिजे.

१५ नोव्हें., शनिवार
नवी रीत. मी ठेका धरायचा, मधेच कुठेही हाक द्यायची, 'आठ चोक!' उत्तर येणाऱ्या समेवर. आधी नाही, नंतर नाही. मराठीत द्या, इंग्रजीत द्या, जे आधी सुचेल त्यात.
पूर्ण बोजवारा. वर्गाचा भाजीबाजार झाला. उत्तरं समेच्या आधी, नंतर, एक तर घंटा झाल्यावर. ईश्वरी कमरेवर हात ठेवून: "सर, तुम्ही फसवताय! गाणं नीट सुरू करा ना."
नीट सुरू करणार नाही म्हटलं. हेच नीट आहे.

१९ नोव्हें., बुधवार
बरं आहे. आठ चोक, आठ पंचे जमले. वरचं नाही.
इंग्रजी पाढा तालात बसत नाही असं आजवर मीच म्हणत आलो. खोटं. बसतो. 'एट वन्झा एट, एट टूझा सिक्स्टीन'. तीनतालात ओढाताण होते, केहरव्यात मजेत चालतो. काल स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवून पाहिला. सौ.ने हाताखालचं झाकण काढून घेतलं तेव्हा थांबलो.
दे.मिस दारात उभी राहून ऐकत होती. "सर, तुम्ही इंग्रजीपण घेताय?"
"दोन्ही."
"मोठ्या बाईंना फक्त इंग्रजी हवंय."
"त्यांना म्हणावं, डग्गा बाजूला ठेवून तबला वाजवून दाखवा."
हसली. पहिल्यांदाच. आणि जाता जाता स्वतःशीच, त्यांच्या अहिराणीत, "हाऊ मानूस भलता हट्टी शे!"
मला ऐकू गेलं. तिला ठाऊक होतं ऐकू जाईल.

२२ नोव्हें., शनिवार
मो.बां.कडून तडजोड आली. बुधवारचा तास ठेवू. नाव 'मॅथ्स रिदम'. फक्त इंग्रजी पाढे. स्मार्टबोर्डावर तयार संगीत लागेल, मी नुसतं उभं राहून टाळ्या घ्यायच्या. व्हिडिओ काढणार, ॲडमिशनच्या वेळी पालकांना दाखवायला.
म्हटलं, दोन्ही भाषा आणि हातातला तबला. नाहीतर नको.
"सर, तुमच्याकडे पदवी नाही. तरी आम्ही इतकी वर्षं सांभाळून घेतलं."
"सांभाळलं नाही बाई. वापरलं. सांभाळून मी घेतलंय, तिसरीच्या सगळ्या तुकड्यांना."
उठून आलो.
घरी सौ.: "तास जाईल."
"जाऊ दे."
"जाऊ दे म्हणता आणि भाकरी तशीच ठेवून उठता."
भावाचा टेम्पो अंगणात झेंडूने भरत होता, पहाटेच्या फूलबाजारासाठी. क्रेट उचलू लागलो. तो म्हणाला, "दादा, काय झालं?" म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "मग एवढ्या जोरात का आपटतोयस? फुलं आहेत ती."

२६ नोव्हें., बुधवार
आज दे.मिस स्वतःहून आली, पुन्हा शेवटच्या बाकावर. मी ठेका धरला आणि मानेनेच खुणावलं, विचार.
"आठ साती!"
नवव्या मात्रेवर विचारलं. अर्धं आवर्तन हातात. डोळे कोणीच मिटले नाहीत. समेवर ईश्वरीचं 'छप्पन्न' आणि मागच्या रांगेतून 'फिफ्टी सिक्स', एकाच ठोक्यावर. दोन भाषांचा असा एक आवाज मी याआधी ऐकलेला नाही. हात थांबणार होता, थांबू दिला नाही.
"आठ त्रिक!" आलं. "आठ नवे!" आलं. मग तिने नऊचा पाढा काढला, "नऊ साती!" आणि गाडी घसरली. चौपन्न, त्रेसष्ट, बहात्तर, जो तो वेगळं. चौघं परत गाण्याच्या पहिल्या ओळीवर.
बाहेर म्हणाली, "आठचा येतो. पाढे येतात असं मी अजून म्हणणार नाही."
"मीही म्हणणार नाही."
"नऊचा कधी पक्का करणार?"
"तास राहिला तर."
ती म्हणाली, "सोमवारी माझा गणिताचा तास आहे. त्यातली शेवटची दहा मिनिटं तुमची. मी कुणाला विचारणार नाही, तुम्हीही विचारू नका."
हो म्हटलं नाही. दुसऱ्याच्या तासात पाहुणा म्हणून...

२९ नोव्हें., शनिवार
डिसेंबरचं वेळापत्रक लागलं. आमच्या दोन्ही चौकटींत 'स्पोकन'. 'मॅथ्स रिदम' नाहीच.
तरी आजचा तास माझा होता, पूर्ण घेतला. नऊचा. नऊ पंचेपर्यंत घट्ट. नऊ सक डगमगतं. नऊ साती नाही.
मधेच मो.बा. दारात. "सर, एक मिनिट."
आवर्तन पुरं केलं. मधे हात उचलत नाही मी, कोणासाठीच. मग गेलो.
"देवरे मिसच्या तासात तुम्ही बसणार असं कानावर आलंय. तसं चालणार नाही."
"कोण म्हणालं?"
"मुलंच सांगतायत सगळीकडे."
म्हणजे मिसने पोरांना सांगूनही टाकलं होतं. मी हो म्हणायच्या आधी.
"चालणार नाही," पुन्हा.
"ऐकलं," म्हटलं. "मान्य केलं" असं म्हटलं नाही. फरक त्यांच्या लक्षात आला असावा.

३० नोव्हें., रविवार
तबल्याची वादी, कातडी पट्टी, ओढून घेतली. थंडीने पुडीचा सूर उतरला होता.
सौ. उंबऱ्यात. "उद्या जाताय?"
"हो."
"फाटकावर अडवलं तर?"
"तर फाटकावर."
"आणि त्या मिसची नोकरी? तिचा विचार केलात का?"
नव्हता केला. दुपारी फोन केला. म्हटलं, मिस, मी नाही आलो तरी चालेल, तुमचं नवीन आहे. ती म्हणाली, "सर, नऊ सक की नऊ साती, कुठून सुरू करायचं ते ठरवून या."
नऊ साती. तिथूनच.