उशाशी वाचलेलं शुभवर्तमान

४ नोव्हेंबर

आले एकदाची! बसनं अंग खिळखिळं केलं, बॅगेचं चाक थांब्यावरच निखळलं, तरी मन कसं हलकं आहे. गणवेश शिवायचा कारखाना बंद पडल्यापासून घरी नुसती माशा मारत बसले होते. आता काम मिळालंय, तेही आवडीचं. एका आजारी बाईची देखभाल करायची आणि रोज सकाळी तिच्या उशाशी बसून बायबलातलं शुभवर्तमान, म्हणजे प्रभू येशूची गोष्ट, वाचायचं. वाचायचा पगार मिळणार हे ऐकून लेक फोनवर हसत सुटली. म्हणाली, आई, तुला तर गप्प बसायचा पगार द्यायला हवा.

घर कोपऱ्यावरचं आहे. खाली लाँड्री, वर आम्ही. खोलीत दोन लोखंडी खाटा, एक आजारी बाईंची, एक माझी. खिडकीतून बसथांबा दिसतो आणि लाँड्रीच्या इस्त्रीची ऊब जमिनीतून वर येते. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, पण जिना अशा चढतात की मीच मागे धापा टाकत होते. त्यांची धाकटी बहीण पडून आहे. तिला सगळे मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. दोन्ही पाय गेलेत, उजवा हात गेलाय, वाचा गेलीय आणि अंगात ताप मुरलाय.

मालकीणबाई सांगत होत्या, काही वर्षांपूर्वी त्या स्वतःच अशा खाटेला खिळल्या होत्या. या धाकटीनं उशाशी बसून शुभवर्तमान वाचलं आणि त्यांना उठवलं. मग बिचारी स्वतःच पडली. सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

डॉक्टरही भेटून गेले. म्हणाले, मेंदूच्या अशा झटक्यानंतर पेशंटच्या हो-नाहीची अदलाबदल होते. मावशींनी नाही म्हणून मान हलवली तर हो समजा आणि मनाला लावून घेऊ नका. मी म्हटलं, आमच्या ह्यांचंही जन्मभर असंच होतं, मला सवय आहे.

५ नोव्हेंबर

मार्काचं शुभवर्तमान घेतलंय. चार शुभवर्तमानांत हे सगळ्यांत छोटं आणि सगळ्यांत घाईचं. दर दोन ओळींनी त्याचं आपलं लगेच हे झालं, लगेच ते झालं. वडील म्हणायचे की जुन्या प्रतींमध्ये ते मध्येच थांबतं. बायका प्रभूच्या रिकाम्या थडग्यावरून घाबरून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत, आणि संपलं. लहानपणी मला वाटायचं की लिहिणाऱ्याला कोणीतरी जेवायला हाक मारली असेल.

वडील उपदेशक होते, आजाऱ्यांच्या घरी जाऊन वाचायचे. वाचून झालं की मनन लिहायचं, ही सवय त्यांचीच. आणि एकाचं मनन दुसऱ्यानं वाचायचं नाही, अगदी नवरा-बायकोनंही नाही, हा नियमही त्यांचाच. तो आमच्या घरात कोणी मोडलेला नाही. वाचण्याआधी ते आजाऱ्याचा हात हातात घेऊन म्हणायचे, प्रभो, हिचं ओझं मला दे. मीही तेच म्हणते, लेकीलाही शिकवलंय. खरं सांगायचं तर निघताना आपण, काही लागलं तर सांगा, असं म्हणतो ना, त्यातलंच ते. कोणी खरंच सांगेल असं धरून कोण म्हणतं?

आज प्रभूचा शिष्य पेत्र, त्याच्या सासूच्या तापाची गोष्ट वाचली. प्रभूनं हात धरून तिला उठवलं, ताप गेला आणि बाई लगेच पाहुण्यांच्या सेवेला लागली. दोन दिवस तरी पडू द्यायचं होतं हो तिला! पण मला तो हात धरणं फार आवडतं. लांबून हुकूम सोडला नाही, जवळ जाऊन हात धरला.

दुपारी मावशींचं अंग गार लागलं. ताप उतरला होता! मालकीणबाईंनी मला मिठीच मारली. मला मात्र संध्याकाळपासून कणकण आहे. बसचा प्रवास बाधला.

७ नोव्हेंबर

माझा ताप हटत नाही. पण मावशी टवटवीत दिसतात, त्यामुळे कुरकुर करवत नाही.

आज पुस्तक उघडलं तशी त्या जोरजोरात नाही म्हणून मान हलवू लागल्या. डाव्या हाताची नखं माझ्या मनगटात रुतवली. किती ही ओढ! मला भरून आलं. मी त्यांचा हात घट्ट धरला, वडिलांची प्रार्थना म्हटली आणि पांगळ्याची गोष्ट वाचली. चौघा जणांनी त्याला खाटेसकट आणलं, गर्दीतून वाट मिळेना म्हणून चक्क छप्पर उसकटून खाली सोडलं. ते छप्पर नंतर कोणी नीट केलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. माझ्यासारखीच्या मनात हेच यायचं.

तरी मनन असं, की त्या माणसाला स्वतःला काही करावं लागलं नाही. त्याला उचलणारे होते. मलाही असं कोणाला तरी उचलता यावं. लेकीला आता नववा लागेल. तिचं बाळ या हातांनी उचलायचं आहे, बाकी काही मागणं नाही.

८ नोव्हेंबर

मावशी चालल्या! सकाळी खाटेवरून पाय खाली टाकले आणि खिडकीपर्यंत गेल्या. लाँड्रीवाला इस्त्री तशीच ठेवून वर बघायला आला. मालकीणबाई हसतायत, रडतायत, देवाचं नाव घेतायत.

आणि मी खुर्चीतून उठायला गेले तर पाय हलेनात. चिमटा काढला, कळलाच नाही. डॉक्टर म्हणाले, तापामुळे नसांवर सूज आली असेल, पडून राहा. दोघींनी मिळून मला दुसऱ्या खाटेवर निजवलं. मावशी मला पाणी पाजताना हुंदके देत होत्या. आनंदाचे असतील.

मी लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही. अशा दिवसांत तिला कशाला घोर?

१० नोव्हेंबर

पडल्या पडल्या विचार केला. ज्यानं त्यांना उठवलं तो मला का उठवणार नाही? आपण विश्वास धरायचा आणि पुढे वाचायचं. पुढे वाळलेल्या हाताचा माणूस आहे. प्रभू त्याला सगळ्यांच्या मधोमध उभा करतो आणि हात पुढे करायला सांगतो.

मावशी पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटल्या होत्या. हात मागे, मान सारखी नाही नाही म्हणत. मालकीणबाईंनी लहान मुलीसारखं समजावून त्यांना आणलं आणि त्यांचा लुळा उजवा हात माझ्या हातात दिला. मी प्रार्थना म्हटली. वाचलं. वाचता वाचता त्यांची बोटं माझ्या बोटांवर मिटत गेली. किती घट्ट मिटली. आणि माझी

११ नोव्हेंबर

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतंय. उजवा हात पांघरुणावर पडलाय, दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा.

आता कळलं. कळायला इतका उशीर लागावा, इतकी मी बावळट! ताप, पाय, हात. त्यांचं जे जे गेलं ते ते माझ्याकडे आलं. मीच तर मागत होते. रोज. हात धरून.

१२ नोव्हेंबर

प्रार्थना करते, ती परत घे म्हणून. बोलणं मागे घेता येतं की नाही, हे वडिलांनी कधी सांगितलं नाही. त्यांना मागे घ्यायची वेळच आली नसावी. त्यांना कधी कोणी ओ दिली नव्हती.

मला दिली ती कोणी? मी ज्याला हाक मारली, त्यानंच? ज्यानं सासूचा हात धरला त्यानं एकीचं काढून दुसरीवर टाकल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. त्या घरात ताप उतरला तेव्हा दुसरी कोणी फणफणली नव्हती. का होती, आणि मार्कानं घाईत लिहिलं नाही?

वादळाचा अध्याय आठवतो. नाव पाण्यानं भरतेय आणि तो मागे उशीवर डोकं टेकून झोपलाय. शिष्यांनी निदान त्याला हलवून जागं केलं. मी कोणाला हलवू?

मावशींनी पुस्तक नेऊन कुठेतरी लपवलं. आता नीट कळतं, त्या कशाला नाही म्हणत होत्या.

लेकीचा फोन आला. आवाज ऐकूनच तिला काही कळलं असावं, येते म्हणाली. मी ओरडलेच, येऊ नको, या दिवसांत प्रवास करायचा नाही. पण खरं कारण सांगितलं नाही. कसं सांगणार? उद्या सांगेन.

१४ नोव्हेंबर

मालकीणबाईंना पुस्तक सापडलं. गाद्यांच्या घडीत होतं. इतकं बरं होत आलंय, वाचाही येईल, आता थांबायचं नाही म्हणाल्या. आम्हा दोघींचे हात त्यांनी एकमेकींच्या हातात दिले आणि आपल्या दोन्ही हातांत गच्च धरले. मी नको नको म्हणून किंचाळले. त्यांनी मायेनं माझ्या कपाळावरून हात फिरवला. डॉक्टर म्हणाले म्हणे, मलाही मावशींसारखाच झटका आलाय.

माझं नाही आता हो झालंय.

माझी रोजची प्रार्थना त्यांनीच माझ्या वतीनं म्हटली आणि मुक्याची गोष्ट वाचली. प्रभू त्याला गर्दीपासून बाजूला नेतो, जिभेला स्पर्श करतो.

मावशींच्या तोंडून आवाज फुटला. सगळ्यांत आधी त्या काय म्हणाल्या, तर, मी रोज नको म्हणत होते.

मी काही बोलू शकले नाही. काहीच.

१५ नोव्हेंबर

मालकीणबाई बाजारात गेल्या तशा मावशी माझ्यापाशी बसल्या. म्हणाल्या, बहिणीला वाचून दाखवताना मीही असंच मागितलं होतं. म्हणाल्या, आता मी तुमच्या उशाशी बसून वाचायला हवं, म्हणजे तुम्ही उठाल. पुस्तक मांडीवर घेतलं. उघडलं. मग मिटलं. म्हणाल्या, मला भीती वाटते हो. त्या खाटेवर परत जायची भीती वाटते. माझे पाय धरले. मला ते कळलंही नाही, नुसतं दिसलं.

खिडकीतून दिसलं, त्या बसमध्ये चढल्या. कोणाला काही न सांगता. त्या थडग्यावरच्या बायकांसारख्या.

राग येत नाही. मी तरी वाचलं असतं का?

१६ नोव्हेंबर

मालकीणबाईंनी फोन करून लेकीला सगळं कळवलं — म्हणजे त्यांना वाटतं ते सगळं. ती निघाली आहे. उद्या सकाळी —

तोंड नुसतं उघडतं. मिटतं.

प्रभो, बस चुकू दे. रस्ता बंद होऊ दे.

ती आईच्या उशाशी बसून काय करेल? मी शिकवलंय तेच.

१७ नोव्हेंबर. सकाळ

आली. जिना चढून दमलीय. पोट केवढं पुढे आलंय. किती सुंदर दिसतेय माझी पोर.

हे लिहिलेलं तिच्यापुढे सरकवलं. वाच म्हणून खुणा केल्या. तिनं डोळे पुसले, वही मिटून माझ्या छातीशी ठेवली. म्हणाली, तुझं मनन आहे ना आई, मी नाही वाचणार. नियम कशी मोडेन?

माझी गुणाची पोर. देवा, एवढी गुणाची कशाला केलीस —

मोठ्या अक्षरांत लिहिलं. शुभवर्तमान वाचू नको. तिला दाखवलं. हे वाचलं तिनं. मालकीणबाईंकडे बघितलं. त्यांनी हळूच डॉक्टरांचं सांगितलं. ती हसली, म्हणाली, हो आई, वाचते हं. लगेच वाचते.

पुस्तक घेतलं. पहिलं पान —

उजवा हात तिच्या हातात. काढून घेता येत नाही. लिहितेय म्हणून ती खूश आहे —

प्रार्थना म्हणतेय. माझ्याच चालीत. हिचं ओझं —

प्रभो नको. हे माझंच आहे, माझ्याकडेच राहू दे. तिचं नको, बाळाचं नको —

सासूपर्यंत आली. घाई आहे मार्काला —

अंग हलकं झालं. घाम सुटला. ताप उतरतोय. इतक्या दिवसांनी किती बरं वाटतंय, आणि तिचा हात — तापलाय तिचा हात —

तिला कळलं नाही. पान उलटतेय. पुढे पांगळा —

देवा तू तरी नीट ऐक. डॉक्टरांसारखं ऐकू नको. मी नको म्हणतेय. नको म्हणजे नको. नको म्हणजे —

माझा पाय हलला