चौथी खिडकी

५ फेब्रुवारी

घर घेतलं! किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. दाराला कुलूपच बसत नाही ही गोष्ट वेगळी.

आधीच्या मालकीणबाई किल्ली देताना जरा जास्तच हसल्या. "घर चांगलंय हो. फक्त उगाच कशाला हात लावत बसू नका." आणि आम्ही तर सगळ्यालाच हात लावणार आहोत!

७ फेब्रुवारी

हात लावला. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार हातात आलं. मग नळ हातात आला. नवरा म्हणतो, "बघ, घर कसं मोकळ्या मनाचं आहे. मागितलं की देतं."

नवरा शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे घराचा नकाशा काढायचा मान त्याचा. चार रंगांत काढलाय. जिना निळा. का, तर म्हणे वरून खाली येतो. मी पुढे विचारलं नाही.

११ फेब्रुवारी

गवंडी आले. फार शांत माणूस. छत गळतंय? "होऊन जाईल." जिना हलतोय? "होऊन जाईल." महिनाअखेर सगळं होईल ना? — यावर मात्र चहाच्या कपात बघत बसले.

महिनाअखेर सासूबाई राहायला येणार. त्यांच्या भाड्याच्या घराची मुदत संपते आहे. गुडघे असे की दोन पायऱ्या चढतात, तिसरीवर बसतात आणि तिथूनच सगळ्यांचा उद्धार करतात. आणि आमचं एकुलतं एक बाथरूम वर! घर बघायला आम्ही तीन वेळा आलो होतो. तीन वेळा! दोन शिकलेली माणसं!

१२ फेब्रुवारी

सासूबाईंचा फोन. "बाथरूम खालीच आहे ना गं?" मी म्हटलं, "हॅलो? हॅलो? रेंज जातेय."

१५ फेब्रुवारी

नवरा मागच्या गल्लीतून धावत आला. चप्पल एकच पायात. "खिडक्या मोज!"

मोजल्या. गल्लीतून आपल्या हद्दीत खालच्या मजल्यावर चार खिडक्या दिसतात. घरात येऊन मोजल्या — तीन. पुन्हा बाहेर. चार. पुन्हा आत. तीन. पाचव्या फेरीला समोरच्या बाईंनी विचारलं, "काही हरवलंय का?" नवरा म्हणाला, "खोली."

१६ फेब्रुवारी

घराचे कागद काढले. स्पष्ट लिहिलंय — तळमजला, चार खोल्या.

आमच्याकडे बाहेरची, झोपायची आणि अडगळीची. तीनच. मी म्हटलं, "आणि स्वयंपाकघर?" तर म्हणे, "स्वयंपाकघराला खोली कोण म्हणतं? ते तर असणारच, ते कशाला लिहितील?" पटलं. याचं बोलणं पटलं की मला फार राग येतो.

म्हणजे अडगळीच्या खोलीच्या भिंतीमागे एक अख्खी खोली आहे! आमची! तिथे सासूबाईंचं बाथरूम! आज जेवताना दोघंही उगाचच हसत होतो.

१८ फेब्रुवारी

गवंड्यांनी भिंतीला कान लावला, बोटाने टकटक केली. "पोकळ आहे." मग हातोडा. पहिला घाव — काही नाही. दुसरा — धूळ. तिसऱ्याला वीट पलीकडे पडली आणि भिंत म्हणाली, "अरेच्चा!"

धूळ खाली बसली. पलीकडे बनियनमधले एक गृहस्थ, तोंडभर साबणाचा फेस, हातात वस्तरा. मागे बादली, आरसा, वाळत घातलेला टॉवेल. शेजारचे घड्याळवाले! एकटेच राहतात, घरीच घड्याळं दुरुस्त करतात. आतापर्यंत ओळख फक्त मान हलवण्यापुरती.

शेवटी तेच म्हणाले, "यायचं असेल तर या. फक्त जपून, ओलं आहे."

गवंडी गोंधळून म्हणाले, "होऊन जाईल."

१९ फेब्रुवारी

नवरा म्हणतो चोरी ती चोरी. साबणरावांनी (हे नाव त्यानेच ठेवलं) आपली खोली ढापली आहे. सतरा मुद्दे कागदावर उतरवून, नकाशाची गुंडाळी काखेत मारून निघाला. मी मागे. मला पायाखालची फरशी उचलून तिच्याखाली लपावंसं वाटत होतं.

त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, डोळ्याला भिंग लावून सगळा पाहिला. बराच वेळ. मग म्हणाले, "सुंदर काढलाय." आणि, "ती खोली तुमचीच. कागद खोटं कशाला बोलेल? मला दहा दिवस द्या. मागच्या बाजूला छोटंसं न्हाणीघर बांधून घेतो."

झालं! भांडण संपलं. वाटेत नवरा चिडून म्हणाला, "असं कसं लगेच ऐकतात लोक? सतरा मुद्दे होते माझे!"

२० फेब्रुवारी

भोकावर माझी जुनी साडी टांगली आहे. ते आंघोळ करताना गातात. सूर अजिबात नाही. अडगळीच्या खोलीत सामान लावता लावता नवरा दुसरी ओळ म्हणायला लागला. पलीकडून तिसरी ओळ आली!

२१ फेब्रुवारी

साडीआडून एक हात बाहेर आला. हातात आमचा तुटलेला नळ — दुरुस्त करून! कधी नेला होता कोण जाणे. नवरा नळाकडे बघत म्हणाला, "हा माणूस मला नीट चिडू पण देत नाही."

आमचे गवंडी आता दुपारी त्यांचं न्हाणीघर बांधायला जातात. आमच्या जिन्याचं काम बंद. तक्रार कोणाकडे करणार?

२३ फेब्रुवारी

स्वयंपाकघर झालं!! नवा ओटा, फिकट पिवळ्या टाइल्स, खिडकीखाली भांड्यांची मांडणी. मी त्या ओट्यावर गाल टेकवून उभी राहिले. कोणी पाहिलं नाही. (नवऱ्याने पाहिलं.)

पहिल्या चहाला साबणरावांना बोलावलं, नाहीतर माझ्या घशाखाली उतरला नसता. खोली काढून घ्यायची आणि वर चहाही नाही विचारायचा? ते ओट्यावरून हात फिरवत म्हणाले, "छान केलंत. इथे सकाळचं ऊन चांगलं येतं." मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?" म्हणाले, "अंदाज."

२५ फेब्रुवारी

सासूबाई तीन दिवस आधीच टपकल्या! रिक्षातून उतरल्या त्या थेट साडी टांगलेल्या भोकापाशी. साडी बाजूला केली. पलीकडे साबणराव दात घासत होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

मग नवऱ्याची जी काही हजेरी घेतली! "त्या माणसाची आंघोळ काढून घेतलीस तू?"

"आई, तुझ्यासाठीच ना!"

"माझं नाव मध्ये आणू नकोस. आणि खोली आपलीच हे कोण म्हणतं?"

"मी नकाशा काढलाय."

"तुला भूगोलात किती मार्क पडायचे ते मला माहीत आहे. रीतसर मोजणी करून घे. मगच मी त्या खोलीत पाऊल टाकीन."

आज त्या वर जायला पाऊण तास लागला. मी मागून आधार देत होते. जिना हलत होता आणि त्या बोलत होत्या.

२७ फेब्रुवारी

मोजणीवाले आले. बारीक चणीचे, कमी बोलणारे. नवरा टेपचं दुसरं टोक धरून ऐटीत उभा. साबणरावांचं दार वाजवलं तर ते नेमके बाहेर गेलेले.

गल्लीतून मोजलं. आतून मोजलं. कागदावर रेघ मारली. "न्हाणीघराची खोली तुमची." नवऱ्याने सासूबाईंकडे असं पाहिलं की जणू डोंगर सर केलाय!

मोजणीवाले मात्र टेप घेऊन पुढे चालायला लागले. अडगळीच्या खोलीतून स्वयंपाकघरात. ओट्यापाशी थांबले. पिवळ्या टाइल्सवर खडूने फुली मारली. माझ्या टाइल्सवर!

"हे काय?" मी ओरडलेच.

"हे शेजारच्यांचं आहे. स्वयंपाकघर. संपूर्ण."

नवऱ्याने टेप सोडली. ती सुर्रकन जाऊन मोजणीवाल्यांच्या बोटावर बसली.

"खाली चार खोल्या," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "स्वयंपाकघर धरून चार होत होत्या की रे."

२८ फेब्रुवारी

सकाळीच दोघं शेजारी गेलो. नकाशा नाही, मुद्दे नाहीत. ते एका घड्याळाचं मागचं झाकण उघडून बसले होते.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो. आधीच्या बाईंना स्वयंपाकघर मोठं हवं होतं, मला न्हाणीघर आत हवं होतं. तोंडीच अदलाबदल केली. बावीस वर्षं झाली."

"मग आमच्याशी भांडला का नाहीत?"

मान खाली घालूनच म्हणाले, "त्या दुसरीकडे राहायला गेल्यापासून पाच वर्षं पलीकडे कोणी नव्हतं. आता माणसं आली. त्यांना काय एका बादलीच्या जागेवरून घालवून देऊ?"

नवरा त्यांच्या शेजारी जाऊन बसला. "ती भिंत पुन्हा बांधायची नाही," म्हणाला. "दार बसवू या."

साबणरावांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि ते किती तरी वेळ शर्टाच्या टोकाने पुसत राहिले.