आकाशचा काळा स्कर्ट

उस्मानपुरा, छ. संभाजीनगर
१० मार्च २०२४

आदरणीय केसरआक्कास,
पुंडलिकचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं कानाचं मशीन फोनवर नुसतं शिट्या मारतं, म्हणून लिहायला बसलो. गुडघ्यामुळं तुला रत्नमालाच्या पुण्यानुमोदनाला येता आलं नाय, ते एका परीनं बरंच झालं.

आमचा आकाश पुण्याहून आला तो काळा स्कर्ट घालून. वर पांढरा शर्ट, खाली घोट्यापर्यंत स्कर्ट. स्वतः शिवलाय म्हणे. भन्तेजी काही बोलले नाय, पण मांडवातली माणसं रुमालाआड हसू लागली. चाळीस वर्षं मी या गावाच्या पँटी शिवल्या, आक्का. त्याला आत नेऊन म्हणालो, आईच्या फोटोपुढं तमाशा नको, काढ ते. त्यानं मुकाट्यानं काढला, माझी पँट चढवली आणि वंदना होताच न जेवता गेला. स्कर्ट खाटेवरच राहिला. आता फोन उचलत नाय.

मी टीव्ही मुद्दाम मोठ्यानं लावतो. शेजाऱ्यांना वाटावं, घरात माणसं आहेत.

भावावरची माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा पुंडलिक


सोयगाव
२१ मार्च २०२४

चि. पुंडलिकास,
केसरबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा तुझाच राग आला. दिवसभर लुंगीवर हिंडणारा तू, दूध आणायलाही लुंगीवरच जातोस, अन् लेकाला म्हणतोस तमाशा!

हे गेले तेव्हा मी पस्तिशीची होते. कापूस वेचताना हात ओरबाडायचे, म्हणून ह्यांचा शर्ट लुगड्यावर घालून वावरात गेले. गाव लई हसलं. सासूबाई म्हणाल्या, रांडाव बाई गडी झाली. तू तेव्हा काय केलंस? माझ्या मापाचे दोन शर्ट शिवून एस.टी.नं घेऊन आलास. आता इथल्या सगळ्या बाया शर्ट घालूनच वेचायला जातात, कुणी मान वर करून बघत नाय.

तो पुंडलिक कुठं गेला, ते कळव. कपडा शिवणाऱ्यानं आधी शिलाई बघावी, मग माणसं बघावीत.

रागावलेली, तरी तुझीच,
आक्का


उस्मानपुरा
४ एप्रिल २०२४

आदरणीय आक्कास जय भीम.

तुझं पत्र झोंबलं. तीन दिवसांनी तो स्कर्ट उजेडात धरला. चुण्या एका मापाच्या, खिसे आतून शिवलेले, नेफा सरळ. माझ्या हाताखाली न बसता पोरगं हे कधी शिकलं, मला ठाऊक नाय. तुरपाई तेवढी कच्ची होती. ती उसवून पुन्हा घातली, इस्त्री केली आणि पार्सल करून पाठवला. सोबत चार ओळी लिहिल्या, चुकलो म्हणून. उत्तर नाय.

वाट बघतोय. तुझंही पत्र येऊ दे, पेटी रिकामी बघवत नाय.
पुंडलिक


उस्मानपुरा
२ जून २०२४

आदरणीय आक्कास जय भीम. वि. वि.

आकाश येऊन गेला. सेंट्रल बसस्टँडवर मी तासभर आधी जाऊन उभा होतो. तो पँट घालून उतरला. पार्सल मिळालं का विचारलं, तर हो म्हणाला. मग घातला का नाय, असं विचारलं. म्हणाला, पप्पा, तुम्हाला त्रास नको.

दोन दिवस राहिला. जेवला, ताट उचललं, माझ्या गोळ्या आणून दिल्या. प्रत्येक गोष्ट विचारून केली, पाहुण्यासारखी. मी सांगितलं तसाच तो आला होता, आक्का, आणि माझा आकाश काही आला नाय. रत्नमाला असती तर तिनं एका शब्दात गाठ सोडवली असती. मला दोन दिवस शब्द सापडला नाय.

परत जाताना तो खिडकीशी बसला, ड्रायव्हरनं गाडी चालू केली, तेव्हा मी खालून ओरडलो, पुढच्या वेळी तुझा घागरा घालून ये रे. सगळी गाडी वळून बघू लागली. त्यानं आधी गाडीत मागं-पुढं पाहिलं. मग खिडकीतून डोकं काढून म्हणाला, पप्पा, घागरा नाय, स्कर्ट! आणि हसला, दोन दिवसांत पहिल्यांदा.

मी म्हणालो, तेच ते. पण तोवर गाडी फाटकाबाहेर गेली होती. मी बाकड्यावर बसून राहिलो. घरी जायची घाई नव्हती.

गुडघ्याला तेल लाव. आणि या भावाला विसरू नको.
तुझा पुंडलिक