आईच्या मोहरेवरचं कुंकू

सरस्वतीपुरम, गुरुवार संध्याकाळ

उद्या वरमहालक्ष्मीची पूजा, म्हणून आईची सोन्याची मोहर काढली. तिच्या शेवटच्या पूजेत तिनं बोटानं टेकवलेलं कुंकू त्या मोहरेवर होतं. ते पुसलं जाऊ नये म्हणून मीच ती मऊ प्लास्टिकच्या पाकिटात घातली होती. आई सुती लुगड्याच्या चिंधीत ठेवायची. मला ते गबाळं वाटायचं.

पाकीट चिकटलं होतं. ओढून काढलं, तर मोहरेवर हिरवट, तेलकट थर.

"अय्यो आई, सोन्याला काही होत नाही म्हणायचीस ना?" माझी लेक हसली. मग मोबाइलवर वाचून म्हणाली, "असलं प्लास्टिक जुनं झालं की चिकट तेल सोडतं गं. सोन्यातल्या तांब्याला ते बाधतं."

तिनंच अ‍ॅसिटोननं हलकेच पुसलं. "नोडु, बघ ना, नव्यासारखी झाली!"

खरंच लखलखली. सोन्याचं काहीच गेलं नाही. कुंकू मात्र... चिंधीतच का नाही राहू दिली मी?

पाकीट टाकायला उचललं, तर आत लाल ठिपका चिकटलेला. आईच्या बोटाच्या टोकाएवढा.

मोहर पुन्हा चिंधीत बांधली. उद्या देवीपुढे ठेवीन. पाकीट मात्र टाकवत नाही.