घोंगडीनं बोंबलवलेली मशीन

चिरंजीव भागवत, मुक्काम नेकनूर,

तुला तलवाड्याच्या दाजीचा बंगळुरूहून आशीर्वाद. सासूबाईंचा गुडघा कसा हाय? मेंढरं पालीच्या धरणाकडं नेलीस का? इकडं तुझी भाची स्वप्ना, तिची लेक आन् तुझी बहीण रुक्मिणी, समदे खुशाल. (फोन कावून केला न्हाई म्हणशील, तर रुक्मिणी फोन हिसकावून घेती, आन् हे तिला कळू द्यायचं न्हाई.)

तर बारशाला स्वप्नाची लेक, म्हंजी सासूबाईंची पणती, जिच्यावर निजवायची, ती सासूबाईंनीच डोळे जायच्या आधी कातलेल्या लोकरीची घोंगडी तू मला नेकनूरच्या थांब्यावर एसटीच्या खिडकीतून दिलीस. विमानतळावर मी ती खांद्यावर टाकून ऐटीत निघालो. तिथं एका पोरीनं घोंगडीवर कागदाची पट्टी घासली, मशीनीत घातली, आन् मशीन जी बोंबलली म्हणतोस! चौघं धावत आले. बाजूला घेतलं, पटका सोडवला, वहाणा काढवल्या, करदोडासुदिक तपासला. लई शरम वाटली. साहेबानं इचारलं, सामान तुमीच भरलं का, कुणी काही दिलंय का? आता दुसऱ्यानं मायेनं दिलेली वस्तू आपली म्हणायची आपल्यात रीत हाय का? मी छाती काढून सांगितलं, लाडू मेव्हण्याची बायको सुरेखानं दिले, खारीक गावच्या बंकटअण्णानं, आन् घोंगडी खुद्द मेव्हणा भागवतनं. (साहेबानं तुझं नाव लगेच लिहून घेतलं. मला वाटलं, चला, भागवतचं नाव झालं.)

मग कळलं, मशीनीला स्फोटकाचा संशय आलाय, खतानंबी ती अशी फसती म्हणं. अरे, तुझ्या पडवीतली युरियाची पोती मी डोळ्यानं पाहिलीत. घोंगडी ठिवायला तुला दुसरी जागा घावली न्हाई व्हय बे? मी घोंगडी झटकून दावली, पोरीनं पुन्हा पट्टी घासली, तर मशीन आणखीनच बोंबलली. साहेब म्हणला, घोंगडी इथं सोडा, विमान सुटायलंय. पण सासूबाई म्हणलेल्या, मला पणती दिसायची न्हाई, निदान माझ्या हातच्या उबेत निजू दे. मी तिथंच घोंगडी हातरली आन् वर मांडी घालून बसलो.

अखेर कुत्रं आणलं. त्यानं घोंगडी हुंगली, माझे हात हुंगले आन् शेपूट हलवली. मेंढराचा वास त्याला आवडला असंल. साहेब हसला, सोडलं मला, पण विमान तवर गेलतं. जावयानं सांजच्या विमानाचं तिकीट काढलं, तवा कुठं बारसं गाठलं.

तुझा दाजी,
गहिनीनाथ

ता.क. पत्र लिहायचं खरं कारण हे, की पोलीस चौकशीला आले तर घाबरू नको, पळू तर मुळीच नको. तुझ्या घराच्या खुणा मी त्यास्नी नीट सांगितल्यात. चहा पाज. त्याच्या आधी पोती हलीव.

ता.क. २. सासूबाईंना एवढंच वाचून दाखव. पणतीनं निजल्या निजल्या घोंगडी भिजवली, मग मुठीत लोकर धरली ती सोडायलीच न्हाई. मला लई रडू आलं. घोंगडी इथंच ठिवतो. तसंबी आता ती घेऊन त्या मशीनीपुढं उभं राहायची माझी छाती न्हाई.