खालचा फुटवा

१४ जुलै १९८६
यायनं रोपाचं मुंडकं उडवलं!

बालवाडी सुटल्यावर घरी आली, न्हाणीमागं पाह्यलं तं कमळाच्या आंब्याले शेंडाच नाई. बोटभर जाडीचा दांडा मधातून कापलेला, त्याले खाच पाडून भलत्याच झाडाची काडी बसवलेली, वरतून प्लॅस्टिकची पट्टी करकचून गुंडाळलेली. कापलेला शेंडा बाजूलेच पडला होता. शेजारच्या बायनाबाईची बकरी तो खाऊन राह्यली होती. मी तिले हाकललं पण नाई.

हे वडशाच्या नर्सरीत कलमंच बांधतात. संध्याकाळी आले तं विचारलं, काऊन कापलं? म्हणे, "कोयीच्या झाडाचा का भरोसा? आंबट निंगन, नाई तं लागनच नाई. आता चांगला आंबा होईन, पाह्य तू."

मागच्या उन्हाळ्यात आंबा चोखून ते कोय कमळानंच पुरली होती. आंघोळ झाली की लोट्यातलं उरलेलं पाणी त्याच्यावर ओतायची. दिवाळीच्या आधी पोरगी तापात गेली. रोप राह्यलं.

राग याले पाह्यजे होता. नाई आला. भात वाढला यायले.

१५ जुलै
शिजवलं. जेवली. झोपली.

१९ जुलै
बायनाबाई कुंपणावरून म्हणे, "मुखरूभाऊनं कलम केलं म्हणते! बरं झालं वो बाई. पोरीच्या नावानं गोड आंबा खासान."

हो म्हटलं. आजकाल मी सगळ्यायले हो म्हणतो.

पण कलम म्हणजे का असते ते मले माहीत आहे, इतकी वर्षं यायच्या तोंडून ऐकून राह्यली. मूळ एकाचं, वरचं सगळं दुसऱ्याचं. खालच्याचं कामच मुळी पाणी ओढून वर देणं. त्याचं पान दिसत नाई, फळ दिसत नाई, कोणी त्याचं नाव घेत नाई.

काडी नाई जगली तं? मंग मूळ आपल्या जिवानं खालतून फुटते.

वाळू दे ते काडी. लिहून टाकलं एकदाचं. नवऱ्याच्या हातचं काम बिघडो म्हणणारी बाई मी! लाज वाटाले पाह्यजे. तेही नाई वाटत.

२५ जुलै
बालवाडीत सुकडी वाटली. एक ताटली जास्तीची भरली गेली, कमळाची. परत डब्यात ओतली.

३ ऑगस्ट
सकाळी न्हाणीमागून यायची हाक - "ये वं! लवकर ये! जीव धरला पाह्य!"

काडीवर लाल टोक फुटलं होतं, मिरचीच्या बीएवढं. हे उकिडवे बसून त्याच्याकडं पाहून हासत होते. दिवाळीपासून पहिल्यांदा हासताना पाह्यलं. मी बाजूले उभी राह्यली. हातात राखेचं भांडं होतं, ते तसंच.

हे गेल्यावर वाकून पाह्यलं. गाठीच्या खाली, मातीजवळ, दांड्याले एक हिरवा ठिपका!

नर्सरीत याले रानटी म्हणतात. गाठीखाली जे येईन ते अंगठ्यानं घासून काढाचं, दिसल्याबरोबर. नाई तं खालचं सगळा रस पिते अन् वरची काडी सुकते. हे तं चालता चालता काढतात, दुसऱ्याच्या वाडीत गेले तरी.

फुटलेल्या मडक्याची खापर आणली अन् ठिपक्यावर आडवी ठेवली. उजेड येईन इतकी फट ठेवली.

४ ऑगस्ट
आहे. पाह्यलं.

११ ऑगस्ट
दोन पानं झाली खापरीखाली. कवळी, तांबूस. हे सायकल काढून गेले की मी जाऊन पाहतो, चोरासारखी. बालवाडीले दोनदा उशीर झाला. लेकरं ओट्यावर बसून वाट पाहत होती. "मॅडम, तुमी कुठी होत्या?" म्हटलं, घरी पाहुणे आले.

वरची काडी मात्र थांबली आहे. लाल टोक होतं तेवढंच राह्यलं, कडा करपल्या. काल हे त्याच्यापाशी बसून पुटपुटत होते, "जोर काऊन नाई धरून राह्यलं? खालतून काई तं खाऊन राह्यलं याले." माह्या पोटात धस्स झालं. खापरीकडं हात जाईन असं वाटलं. पण हे उठले, पाय झटकले अन् म्हणे, "च्या ठेव."

धस्स झालं म्हणजे पोटात काई आहे अजून. बरेच महिने वाटलं का नाईच.

१७ ऑगस्ट
रविवार. हे घरीच. दुपारी पलंगावर पडले होते, मी तांदूळ निवडत होती. मधातच बोलले, छताकडं पाहत -

"मी सायकल अजून जोरानं हाणाले पाह्यजे होती."

कमळाले घेऊन वडशाले निघालो होतो तेव्हाचं म्हणत होते. मी मागच्या कॅरिअरवर, ती माह्या मांडीवर, अंगाची भट्टी झालेली. रस्त्यात चिखल. दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टरनं हात लावून पाह्यला अन् आमच्याकडं पाह्यलंच नाई. त्या दिवसाबद्दल आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

मंग म्हणे, "तिच्यासाठी काई करता नाई आलं मले. मले एकच काम येते. कलम बांधता येते. ते केलं."

मी तांदूळ निवडतच राह्यली. इतके दिवस वाटत होतं, या माणसानं माह्या पोरीचं झाड कापलं. त्यायनं तं त्यायच्या परीनं तिले औषध दिलं होतं.

संध्याकाळी हे चौकात गेले तेव्हा न्हाणीमागं गेली. खापर उचलली. चार पानं झाली होती. अंगठा लावला. काईच जोर नाई लागला, पटकन निघाला फुटवा. खापर होती तशी ठेवून दिली. जगू दे यायचं कलम. घरात एकानं तरी हासाव.

कमळे, तुहं पान मीच तोडलं गं. अंगठ्याले कच्च्या आंब्याचा वास येऊन राह्यला आहे. साबणानं हात धुतला नाई.

उद्या सांगन यायले.

१८ ऑगस्ट
पहाटे उठली तं हे बाजूले नाई. न्हाणीमागं बसले होते, हातात चाकू. कलम खाली पडलेलं, पट्टीसकट. गाठीखालून सपकन कापलेलं.

"घे," म्हणे. "तुह्या फुटव्याले मोकळं केलं. खापरीखाली का आहे ते मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वाढू दे तिचं तिले. लागू दे आंबट."

अन् खापर उचलली.

खाली काई नाई. कापलेलं ठुठ अन् माती. यायनं माह्याकडं पाह्यलं. मी अंगठा पुढं केला. तोंडातून हंबरडाच निंगला. हे पण मातीत बसल्या बसल्या रडाले लागले, लहान लेकरासारखे.

बायनाबाई शेणाच्या हातानं धावत आली. "काय झालं वो? कोण गेलं?"

म्हटलं, "माही कमळा गेली वो बाई. कमळा गेली."