ओला सरस

तिश्री ११

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

किप्पूरचा उपास काल सुटला आणि आज सकाळपासून मी सुक्कोथच्या सणाच्या मांडवाला भिडलोय. बायको विचारते, मांडव बांधतोस की जहाज. छताला फळ्या अशा घट्ट बसवल्या की सुई शिरणार नाही. तेवढ्यात प्रार्थनालयाचे हज्जानबाबा आले, वर बघितलं आणि म्हणाले, सुक्कोथच्या मांडवातून तारे दिसायला हवेत, ते कुठून दिसायचे? सगळ्या फळ्या उचकटल्या, आता फांद्या टाकतोय. सुतारकी नडली, दुसरं काय.

ते असो. यंदा तुम्ही दोघांनी यायचंच. सिमहाथ तोराच्या सणाला तोराच्या, आपल्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या घेऊन आपण सात फेऱ्या नाचतो, त्यात पाच वर्षं भावोजी नाहीत. अळणी लागतं सगळं. नाही म्हणालीस तर गाडी घेऊन दारात येईन.

तुझी माया आहेच, ती इकडे यायच्या कामी लाव.
तुझा रंधा

तिश्री १३

चि. रंध्यास,
अ. उ. आ.

फळ्यांचं वाचून हसून हसून मुरकुंडी वळली. तोंडाचा रंधा अखंड चालवणारा माणूस छत तरी मोकळं कशाला ठेवील?

पण नाचाचं पुन्हा लिहू नकोस. त्या वर्षी नाचताना ह्यांच्या हातून तोराची गुंडाळी पडली, साऱ्या मंडळींनी त्यापायी उपास धरला. तोंडावर कोणी बोललं नाही, पण ह्या घड्याळजीचे हात थरथरतात हे घरोघरी झालं. ह्यांनाही ते पटलं. तेव्हापासून मनगटी घड्याळ उघडत नाहीत, भिंतीवरचीच तेवढी घेतात. सणाला दार लावून बसतात. तू मायेपोटी म्हणतोस, कळतं मला. पण जखमेवर मीठ नको.

रागावू नकोस, लोभ धरून राहा.
ताई

तिश्री १४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेन तीनदा खाली ठेवलं. आता एका दमात लिहितो. भावोजींचे हात थरथरत नव्हते. गुंडाळीच्या दांड्याची नवी मूठ मी केली होती. सण तोंडावर आला म्हणून घाई केली, सरस वाळू दिला नाही, आतली खुंटीही मारली नाही. नाचताना मूठ सुटून आली. गोंधळात गुंडाळी उचलायला मीच पुढे झालो आणि मूठ खिशात टाकली. सण संपल्यावर गुपचूप बसवली. पाच वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

चार दिवसांपूर्वी किप्पूरला उभा राहून एकेका पापाला छातीवर मूठ मारली, हे एक गिळलं. हज्जानबाबा सांगतात, देवाचं देव माफ करतो, माणसाचं त्या माणसाकडेच मागावं लागतं. उद्यापासून आनंदाचा सण, आणि मी भावोजींना नाचायला बोलावतोय. लाज वाटली गं.

लिहून टाकलं आणि कडकडून भूक लागली. नाचावंसं वाटतंय आणि भीतीने पायही गार पडलेत. भावोजींना तू वेळ बघून, हळूच सांग.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागतो.
रंधा

तिश्री १८

चि. रंध्यास,
आशीर्वाद.

वेळ बघून सांग, हे तू पत्राच्या शेवटी लिहिलंस. अरे शहाण्या, तुझी पत्रं मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवते. सरसापर्यंत येऊन थबकले, तर हे म्हणाले, वाच पुढे. वाचलं. ह्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि बराच वेळ नुसते हात बघत बसले. मग विचारलं, खुंटी मारलीच नव्हती? मी म्हटलं, नाही म्हणतोय. मग उठले आणि पेटीतून सणाचा कोट काढला.

आम्ही येतोय. ह्यांची अट एकच. गुंडाळ्या बाहेर काढायच्या आधी, सगळ्यांसमोर, तू उभा राहून हे सांगायचं. माझं विचारशील तर मला तुझा भयंकर राग आलाय. पाच वर्षं खरं न कळता मी ह्यांना शेजारणीसारखी वरवरचा धीर देत राहिले, तेही फुकट.

राग उतरेपर्यंतही लोभ राहील.
ताई

तिश्री २५

चि. रंध्यास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. पाय अजून ठणकतायत, चाळिशी उलटून सात फेऱ्या.

तू बोलायला उभा राहिलास आणि समोरच्या बाकाची पाठ घट्ट धरलीस. मला वाटलं, आता बसतो हा. बसला नाहीस. मागच्या बाकावरून कोणीतरी छी म्हणालं, तेही ऐकून घेतलंस. माझा निम्मा राग तिथेच उतरला. हे गुंडाळी घेऊन तडक तुझ्याकडे आले आणि म्हणाले, पहिली फेरी दोघांनी धरायची, पडलो तर दोघं पडू. तेव्हा तू लहान पोरासारखा रडत नाचलास आणि मीही.

एक तुला सांगितलं नव्हतं. पाच वर्षं मी ह्यांना चहा अर्धाच कप देत आले. जास्त ओतला की म्हणत, सांडेल. आज सकाळी कप पुढे करून म्हणाले, भर. काठोकाठ भरला. घोटभर बशीत सांडला, तर बशी तोंडाला लावून पिऊन टाकला आणि म्हणाले, अजून दे.

इथला लोभ पुरेपूर आहे, तुझा असू दे.
ताई